गुडघाभर गवत

गाईंच्या बाबतीत ताईला काही शिकवायला जावं, एवढी कोणाची छाती नव्हती. वडील गेले तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि गोठ्यात अठरा गाई होत्या. आता ती बावन्नची झाली होती आणि गोठ्यात सव्वीस गाई होत्या. मधल्या वीस वर्षांत तिने अडलेल्या गाईंची वासरं कोपरापर्यंत हात घालून सोडवली होती. नुसत्या शेणाकडे बघून ती कोणत्या गाईचं पोट बिघडलंय ते सांगायची. रोज सकाळी दूध न्यायला येणारा गाडीवाला तिला चिडवायचा, "ताई, तुम्ही गाईंशी बोलता की गाई तुमच्याशी?"

"आम्ही सगळ्या मिळून तुझ्याबद्दल बोलतो," ताई म्हणायची.

गोठ्याच्या मागे बेचाळीस एकर कुरण होतं. वरच्या बाजूला पाण्याचा हौद आणि दोन मोठी झाडं, तिथून उतार सुरू व्हायचा तो थेट खालच्या ओढ्यापर्यंत. सकाळची धार काढून झाली की ताई फाटक उघडायची आणि गाई सोडायची. बस्स. "गाईला कळतं काय खायचं ते, आपण कोण सांगणारे?" हे वडिलांचं वाक्य होतं आणि ताईने ते जसंच्या तसं चालवलं होतं.

आता गाईला खरंच कळतं. तिला कोवळं आवडतं. त्यामुळे गाई हौदाच्या आसपासच घुटमळायच्या, तिथलंच खायच्या आणि दोन बोटं नवं पान वर आलं की दुसऱ्या दिवशी तेही ओरबाडायच्या. खाली ओढ्याकडे मात्र गवत छातीइतकं वाढून वाळून जायचं, खराट्याच्या काड्यांसारखं ताठ. तिकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. हौदाभोवती एक टक्कल पडलं होतं आणि ते दरवर्षी हातभर सरकत होतं. दूधही दरवर्षी थोडं थोडं उतरत होतं. ताई म्हणायची, "जमीन म्हातारी झाली. माणूस होतं, तशी जमीनही होते."

अशात धाकटा भाऊ परत आला.

तो अठरा वर्षं शहरात पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नकाशे काढायचं काम करत होता. कारखाना दुसरीकडे हलला, याने हलायचं नाकारलं. बायकोला घेऊन तो घरी आला तेव्हा पावसाचे महिने सरत आले होते. सामानात चार पेट्या पुस्तकांच्या होत्या. येण्याआधी त्याने कुरणांच्या एका संस्थेत सहा आठवड्यांचं शिक्षणही घेतलं होतं. भावजय हुशार आणि कामाची होती. तिने आल्या आल्या दूध थंड करायच्या खोलीचा ताबा घेतला आणि ती खोली अशी लखलखीत ठेवली की गाडीवाला दाराबाहेर चपला काढायला लागला.

धाकटा पंधरा दिवस काही बोलला नाही. वही घेऊन कुरणात हिंडायचा. मग एका दुपारी जेवताना म्हणाला, "ताई, आपल्याकडे जमीन कमी नाही. गवताला उसंत कमी आहे."

"म्हणजे?"

"एकदा खाल्लेलं गवत परत वाढायच्या आत आपण पुन्हा खाऊ देतो. मुळांनाही जोर राहत नाही. कुरणाचे बारा कप्पे करू, विजेच्या झटक्याच्या तारा लावून. एका कप्प्यात तीन दिवस गाई, बाकी अकरा मोकळे. तेहतीस दिवसांनी परत पहिला."

"आणि गाईंनी काय तिकीट काढून जायचं?"

"ताई, चेष्टा नको."

"मी करत नाहीये. माझ्या गाई कोंडून ठेवायच्या नाहीत. आणि हौदाजवळची ती जमीन मेलेली आहे, तिथे उसंत देऊन काय उगवणार? माझी करंगळी?"

धाकट्याने वाद घातला नाही. तो जुन्या नकाशेवाल्यांपैकी होता, आधी काढून दाखवायचं आणि मग बोलायचं. अडगळीत एक मोडकी खिडकी होती. तिची लोखंडी जाळी त्याने वाकवून टोपलीसारखी केली आणि हौदापासून वीस पावलांवर, टकलाच्या अगदी मधोमध, पालथी घालून खुंट्यांनी ठोकली. त्या ठिकाणी गवताची चार खुरटी ठोंबं होती, जमिनीला चिकटलेली, चावून चावून काळवंडलेली.

ताई कमरेवर हात ठेवून बघत होती. "गवताला पिंजऱ्यात घातलंस? पळून जाणार होतं का?"

"तीन आठवडे थांब," तो म्हणाला.

ताई थांबली वगैरे नाही, ती विसरून गेली. दोन गाई व्यायल्या, एका वासराला खोकला झाला, दिवस कसे गेले कळलंही नाही. एका सकाळी हौद घासून परतताना तिचा पाय जाळीला अडखळला. ती शिव्या घालायला खाली वाकली आणि तशीच राहिली.

जाळीच्या आत गवत पोटरीइतकं झालं होतं. गर्द हिरवं, रुंद पानांचं, जाळीच्या भोकांतून बाहेर डोकावणारं. जाळीच्या कडेला जिथे लोखंड संपत होतं, तिथे ते कात्रीने कापल्यासारखं थांबत होतं आणि पुढे तीच जुनी उघडी माती. खत नाही, बियाणं नाही, वेगळं पाणी नाही. तीच चार ठोंबं.

ताई गुडघ्यांवर बसली. जाळीतून दोन बोटं घालून तिने एक पान ओढलं, तोडलं, हुंगलं. मग आजूबाजूला बघितलं. या जमिनीला ती किती वर्षं मेलेली म्हणत होती? दहा? बारा? आणि ही बापडी रोज दोन बोटं वर यायची, रोज खुडली जायची, तरी दुसऱ्या दिवशी परत यायची. आपल्याला कोणी हरवलं असं तिला वाटलं नाही. धाकटा जिंकला याचंही तिला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की आपण हिला एकदाही दम खाऊ दिला नाही.

ती घरात आली तेव्हा धाकटा चहा पीत होता.

"लाव तुझ्या तारा," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तारा लागल्या. पहिल्या दिवशी चोरटीने, म्हणजे ज्या गाईला दुसऱ्याच्या ताटातलं खायची खोड होती तिने, नाक पुढे करून तार हुंगली. असा काही झटका बसला की ती चारही पाय उचलून उडाली आणि दिवसभर तारेपासून लांब, अपमान झालेल्या पाहुण्यासारखी तोंड फिरवून उभी राहिली. बाकीच्यांनी तिच्यावरून धडा घेतला. ताईने मात्र घेतला नाही. तिने "एवढं काय असतं त्यात" म्हणून बोट लावलं आणि तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो भावजयीने त्या घरात प्रथमच ऐकला.

धाकट्याने एक मोठा तक्ता केला. बारा कप्पे, प्रत्येकाला रंग, कोणत्या तारखेला गाई कुठे. तो स्वयंपाकघरात लावला. कोरड्या महिन्यांत तक्ता झकास चालला. गवत सावकाश वाढत होतं, तेहतीस दिवसांत घोट्याच्या वर, पोटरीच्या खाली यायचं. थोडं होतं, पण सगळीकडे होतं. हौदाजवळचं टक्कल कडेने भरायला लागलं. ओढ्याकडची खराट्यासारखी झालेली वाढ त्यांनी एकदा मुळापासून चार बोटं ठेवून कापून टाकली, तिथेही नवे फुटवे आले. दूध उतरायचं थांबलं, मग अंगठाभर चढलं. गाडीवाल्याने टाकीत मापाची काठी बुडवून बघितली आणि भुवया उंचावल्या.

धाकट्याच्या चालण्यात फरक पडला. तो आता कुरणात कमी आणि तक्त्यासमोर जास्त उभा राहायचा. ताईला आधी काही ना काही विचारायचा, ही गाय का मागे राहते, ती का रवंथ करत नाही. ते हळूहळू बंद झालं. ताईनेही मनाला लावून घेतलं नाही. निदान तसं ती स्वतःला सांगत होती.

मग पावसाचे महिने आले. दिवसा ऊन, दुपारनंतर पाऊस, रात्री उकाडा. गवताला यापेक्षा जास्त काही लागत नाही. ते नुसतं वाढलं नाही, सुटलं. ताई आठव्या कप्प्याच्या तारेवरून आत डोकावली तेव्हा त्या कप्प्याची पाळी यायला अजून सहा दिवस होते आणि गवत तिच्या मांडीला लागत होतं. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, वा, काय पीक आहे! ताई आत शिरली आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. खाली अंधार होता. बुंध्याशी पानं पिवळी पडून सडत होती आणि मधून करंगळीएवढे जाड दांडे वर निघाले होते. तिने एक दांडा वाकवला. तो कट्‌ करून मोडला.

दांडा धरला की गवत गाईचं राहत नाही. पाला शेंड्याला जातो, खाली सगळी काठी. हे कळायला ताईला पुस्तक लागत नव्हतं.

ती दांडा हातात घेऊनच वर आली. गोठ्याच्या दारात धाकटा गाडीवाल्याला तक्ता समजावत होता. तक्ता त्याने भिंतीवरून काढून बाहेर आणला होता.

"ताई," गाडीवाला म्हणाला, "आता तुम्हाला आराम! सगळं कागदावर आलं."

धाकटा हसला. "वीस वर्षं ताईने अंगमेहनतीने ओढलं. आता जरा डोक्याने होऊ दे."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून सुटलेला शब्द, दोघांनाही मागे वळता येत नाही. ताईने हातातला दांडा मागच्या मागे टाकून दिला. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन दुधाच्या कासंड्या घासायला लागली. त्या स्वच्छच होत्या.

विचारलं तर सांगेन, तिने ठरवलं. नाही विचारलं तर डोकं त्याचं, तक्ता त्याचा.

त्याने विचारलं नाही. ठरल्या तारखेला सातवा कप्पा झाला, आठवा झाला, नववा उघडला. गाई कमरेएवढ्या गवतात शिरायच्या, शेंडे खुडायच्या आणि बाकीचं तुडवत पुढे जायच्या. तीन दिवसांनी कप्पा असा दिसायचा जणू कोणी त्यात चटया अंथरल्यात. दूध उतरलं. आधी चार बोटं, मग पाचवा हिस्सा. धाकट्याने गाईंचा ताप बघितला, पाणी बदललं, धार काढायच्या यंत्राच्या नळ्या बदलल्या. पुस्तकं उघडून बसला. जेवताना त्याचं लक्ष नसायचं. भावजय एकदा हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" ताई म्हणाली, "मला काय वाटायचंय? मी अंगमेहनतीचं माणूस." भावजयीने तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती ताटं उचलायला लागली.

अकराव्या दिवशी दुपारी वाकडशिंगी सापडेना.

वाकडशिंगी ही गोठ्यातली सगळ्यात जुनी गाय. चौदा वर्षांची, शहाणी, कधी तारेच्या वाटेला न जाणारी. ताईला ती ओढ्याच्या काठी सापडली. तिथे हद्दीवर जुनी काटेरी तार होती, वडिलांच्या वेळची. ओढ्यापलीकडे पाणथळीत कोवळं लव्हाळं उगवलं होतं. वाकडशिंगीने त्यासाठी तार रेटली होती, अर्धी पलीकडे गेली होती आणि तिथेच अडकली होती. मागचा एक सड उभा फाटला होता. ती ओरडत नव्हती. ताईला बघून तिने फक्त कान हलवले.

ताई आणि धाकट्याने मिळून तार कापली. गाईला पाऊल पाऊल करत वर आणलं. गुरांच्या डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. भावजय गरम पाणी आणून देत होती, ताई गाईचं डोकं छातीशी धरून उभी होती, डॉक्टरीणबाई टाके घालत होत्या. टाके झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि गाईच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून बघितली. पुन्हा दाबली.

"हिचं पोट भरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्याही कुशी बसल्यात. एवढ्या गवतात उभ्या राहून उपाशी कशा या?"

धाकट्याचा चेहरा असा झाला होता, जसा लहानपणी गणित चुकल्यावर व्हायचा.

डॉक्टरीणबाई गेल्या. ताईने गाईचं डोकं सोडलं नाही. तिथूनच म्हणाली, "गवताने दांडा धरलाय. पाला राहिला नाही. गाई काठ्या खात नाहीत."

"तुला कधी कळलं?"

"आठव्या कप्प्यात. गाडीवाला आला होता त्या दिवशी."

त्याने मनात मोजलं. "अकरा दिवस झाले, ताई."

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही बोलले."

कारण सांगायला तिच्याकडे होतं. पण फाटलेल्या सडाच्या शेजारी उभं राहून ते कारण तिला फार लहान वाटलं, म्हणून तिने ते सांगितलं नाही. धाकट्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गाईकडे, आणि तो बाहेर निघून गेला.

पुढचे दोन दिवस घरात मुक्यांची सभा होती. ताई म्हणायची, "अगं, त्याला सांग पंप बंद करायला." धाकटा म्हणायचा, "तिला म्हणावं, केलाय." तिघं एकाच टेबलाशी बसलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजयीने हातातला डाव खाली ठेवला. "मी पोस्ट ऑफिस नाही. उद्यापासून प्रत्येक निरोपाला तिकीट लावा." कोणी हसलं नाही, पण धाकट्याने पाण्याचा तांब्या ताईकडे सरकवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई विळा घेऊन दहाव्या कप्प्यात वाढलेले दांडे कापत होती. धाकटा आला. त्याच्याही हातात विळा होता. तो शेजारच्या ओळीला लागला. बराच वेळ नुसता कापण्याचा आवाज. त्याला सवय नव्हती, त्याची ओळ वाकडी जात होती.

"मी 'डोक्याने होऊ दे' म्हणालो," तो एकदम म्हणाला. "तेच ना?"

ताईने पुढची मूठ कापली.

"मूर्खासारखं बोललो. उंटावरून शेळ्या हाकत होतो. तक्ता बघत होतो, गवत बघतच नव्हतो."

"तू मूर्खासारखं बोललास," ताई म्हणाली. "पण मी बोललेच नाही, ते जास्त वाईट. राग तुझ्यावर होता आणि उपाशी ठेवलं गाईंना. त्यांनी काय केलं होतं माझं?" तिने विळा खाली टाकला आणि पदराने तोंड पुसलं. घाम पुसला की आणखी काही, ते त्याने विचारलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "चुकलं कुठे, सांग. तेहतीस दिवस मला संस्थेतच सांगितले होते."

"कोणत्या महिन्यात?"

त्याने आठवून बघितलं. "थंडीत."

"मग! गवताला कुठे ठाऊक आज तारीख काय ती? त्याला ऊन आणि पाणी ठाऊक. कोरड्यात चाळीस दिवसांनी येतं ते, आणि आता अठरा दिवसांत गुडघ्याला लागतं. त्याच्यापुढे गेलं की पानं एकमेकांवर सावली धरतात. मग खालची पानं मरतात आणि वरची उजेडाच्या मागे पळतात. पळायला पाय लागतात, म्हणून दांडा." ती जरा थांबली. "हे असं शब्दांत मी कधी मांडलं नव्हतं. दिसत होतं एवढंच."

"म्हणजे गुडघ्याला लागलं की गाई सोडायच्या."

"हो."

"कोणाच्या गुडघ्याला?" तो ताईपेक्षा हातभर उंच होता.

"माझ्या," ताई म्हणाली. "कुरण मी चालवलंय."

त्याने एक सरळ काठी आणली. ताईच्या पायाशी उभी करून तिच्या गुडघ्याच्या वाटीवर विळ्याने खूण पाडली. "आणि बाहेर कधी काढायच्या?"

"सगळं खाऊन झालं की. जमिनीपर्यंत."

"नाही," धाकटा म्हणाला. आणि यावेळी त्याचा आवाज तक्त्यासमोरचा नव्हता, साधा होता. "इथे तू चुकतेस, ताई. हौदाजवळ हेच झालं होतं. उरलेलं पान म्हणजे गवताची चूल आहे. तेवढ्यावर ते पुढचं सगळं शिजवतं. चूल विझवली तर त्याला आधी मुळांतलं साठवलेलं जाळून नवी पेटवावी लागते. दरवेळी तसं केलं तर साठा किती दिवस पुरणार?"

ताईला पटलं नाही. कोवळं पान मागे सोडायचं म्हणजे ताटात टाकायचं, असं तिला वाटे. शेवटी त्यांनी अकराव्या कप्प्याचे तारेने दोन भाग केले. एका भागात गाईंना जमिनीपर्यंत खाऊ दिलं, दुसऱ्यातून वीतभर ठेवून बाहेर काढलं. आठ दिवसांनी दोघं बघायला गेली. वीतभर ठेवलेलं गवत ताईच्या पोटरीला लागत होतं. जमिनीपर्यंत खाल्लेलं नुकतं जागं होत होतं, चार बोटं, फिकट पोपटी.

ताईने दोन्हीकडे दोनदा चालून बघितलं. मग काठी त्याच्याकडे दिली आणि म्हणाली, "वीतभरावर पण खूण पाड."

"कोणाची वीत?"

"आता तुझी घे. तेवढीच गवताला बरी."

तक्ता भिंतीवरच राहिला, पण त्यातल्या तारखा गेल्या. आता दर सकाळी धार झाली की दोघांपैकी एक जण काठी घेऊन सगळ्या कप्प्यांतून चक्कर मारायचा आणि येऊन पेन्सिलीने प्रत्येक कप्प्यापुढे उंची लिहायचा. ज्याची खूण आधी गाठली, तो आधी. पावसाच्या महिन्यांत सात कप्प्यांतच गाईंचं भागायला लागलं. उरलेल्या पाचांतलं गवत दांडा धरायच्या आत कापून, उघडीप मिळेल तसं वाळवून, माळ्यावर रचलं. चूकही व्हायची. एकदा धाकट्याने काठी शेणात रोवून उंची घेतली आणि ताई दिवसभर त्याला "शेणमोज्या" म्हणत होती. एकदा ताईने दोन दिवस आधीच गाई सोडल्या, कारण चोरटीचं तोंड तिला बघवेना. धाकट्याने फक्त त्या कप्प्यापुढे पेन्सिलीने लिहिलं, "शिफारशीने."

दूध लगेच नाही चढलं. गाईचं शरीर राग धरतं, तिला विश्वास यायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी ते जुन्या मापाला आलं आणि दीड महिन्याने पुढे गेलं. वाकडशिंगीचा सड बरा झाला, पण त्यातून दूध पुन्हा आलं नाही. ती तीन सडांवर राहिली. ताई तिची धार यंत्राने न काढता हाताने काढायची. तिच्याकडे येताना दरवेळी तिचा हात आधी त्या वाळलेल्या सडाला लागायचा.

त्या वर्षी कोरडे महिने आले तेव्हा माळा भरलेला होता. कुरण पिवळं पडलं, पण कुठे उघडं पडलं नाही. बुंधे जाड होते, मातीला घट्ट धरून होते आणि सकाळच्या दवावरसुद्धा एखादं हिरवं पान काढत होते.

ताईची एक शाळेतली मैत्रीण होती, शिवणकाम करणारी, दोन दिवसांच्या बसप्रवासावर राहणारी. ती दरवर्षी बोलवायची आणि ताई दरवर्षी म्हणायची, "गाईंना कोण बघणार?" या वेळी मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ताईच्या तोंडात तेच वाक्य आलं होतं. समोर भावजय दुधाची भांडी पुसत होती. तिने पुसता पुसता म्हटलं, "हो म्हणा."

ताई आठ दिवसांसाठी गेली. पहिले तीन दिवस तिला पहाटे जाग यायची आणि आजूबाजूला हंबरणं नाही म्हणून ती दचकायची. चौथ्या दिवशी सकाळी, मैत्रीण मशीनवर बसली होती आणि ताई तिच्यासाठी बटणं निवडत होती, तेव्हा धाकट्याचा फोन आला.

"ताई, चौथा कप्पा. खुणेला दोन बोटं कमी आहे. पण तिसरा संपत आलाय. सोडू का?"

ताईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं. "मी इथे बटणं बघतेय. गवत तुझ्यासमोर आहे. तुला काय दिसतं?"

फोनमध्ये वारा ऐकू येत होता, म्हणजे तो कुरणातच उभा होता. कुठेतरी एका गाईने शिंकरल्याचा आवाज आला. ती चोरटी होती, ताईला शपथेवर सांगता आलं असतं.

"पानं अजून दुमडलेली आहेत," धाकटा म्हणाला. "नवं पान उलगडलेलं नाही. मला वाटतं दोन दिवस थांबावं. तोवर माळ्यावरचं घालतो."

"मग थांब," ताई म्हणाली.

"बरं. तू कधी येतेस?"

"येईन शनिवारी. की रविवारी येऊ?"

"रविवारी ये," तो म्हणाला, आणि ताईने फोन ठेवून मैत्रिणीला विचारलं की या निळ्या कापडाला पांढरी बटणं बरी दिसतील की काळी.